राजा रत्नागिरीत मग राजधानी कुठे? (ब्रह्मदेशच्या फिरत्या राजधानीचा धागा)

भाट्येकर
नमस्कार मंडळी. गणपतीत रत्नागिरीला गेलेलो, तेव्हा भाच्याला थिबा पॅलेस, म्हणजे ब्रह्मदेशच्या (आताच्या म्यानमारच्या) शेवटच्या राजाला इंग्रजांनी ठेवलं तो वाडा, दाखवायला नेलं. भाचा सहावीत आहे आणि प्रश्न विचारण्यात डॉक्टरेट. सगळं बघून झालं, त्या अर्धगोल नक्षीदार खिडक्या, खालची खाडी वगैरे, आणि बाहेर पडताना म्हणतो, "मामा, हा राजा इथे कैदेत होता, मग त्याची राजधानी कुठली?" मी ठोकून दिलं, रंगून. घरी येऊन सहज बघायला गेलो तर थोबाडीत बसल्यासारखं झालं, कारण रंगून ही थिबाची काय, ब्रह्मदेशच्या कुठल्याच राजाची राजधानी नव्हती. थिबाची राजधानी मंडाले, म्हणजे आपल्या टिळकांचं मंडाले, आणि तीसुद्धा त्याच्या बापाने जेमतेम वीस वर्षं आधी वसवलेली, त्याआधी अमरपुरा, त्याआधी आवा, मग परत अमरपुरा, परत आवा... इथे माझं डोकं गरगरायला लागलं.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाहीये. १८५७ साली मिंडॉन राजाने राजधानी अमरपुराहून मंडालेला न्यायची ठरवली तेव्हा राजवाडा नवा नाही बांधला. जुना होता सागवानी लाकडाचा, तोच उकलला, खांब तुळया सगळं सुटं केलं आणि हत्तींवर घालून दहाबारा किलोमीटरवर नेऊन परत उभा केला. आपण भाड्याच्या घरातनं कपाट नेताना स्क्रू हरवतो हो!

तर जाणकारांनी सांगा, हे लोक सारखी राजधानी का हलवायचे? आणि आत्ताची ती नेपिडॉ काय भानगड आहे?

पावटेभात
वाचतेय. मलापण शाळेत ब्रह्मदेशची राजधानी रंगून हेच शिकवलंय आणि परवापरवापर्यंत मी तेच धरून होते. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

नस्तीउठाठेव
मस्त विषय. पहिल्यांदा नावं घ्या, कारण बर्मी उच्चारांच्या आड पाली-संस्कृत नावं लपलीयेत आणि ती कळली की सगळं एकदम शेजारच्या गल्लीतलं वाटायला लागतं. पगान (आता बागान म्हणतात) म्हणजे अरिमर्दनपुर. तौंगू म्हणजे केतुमती. पेगू म्हणजे हंसावती, तिथला माणूस ते 'हंथावडी' असं काहीतरी म्हणतो. आवा म्हणजे रत्नपुर. सगाइंग म्हणजे जयपुर, हो, तिथेही एक जयपुर आहे. अमरपुरा तर जसंच्या तसं. त्याच्याही कितीतरी आधीची प्यू लोकांची नगरी म्हणजे श्रीक्षेत्र. आणि गंमत अशी की रत्नपुराचा राजवंश शेवटी रत्नागिरीला येऊन पोचला.

क्रम ढोबळमानाने असा. पगान हे पहिलं मोठं राज्य, अनवरठा (अनिरुद्ध) राजा १०४४ ला गादीवर आला तिथपासून ते १२८७ च्या सुमारास मंगोलांच्या स्वाऱ्यांत मोडेपर्यंत. मग थोडा काळ पिन्या आणि सगाइंग, मग १३६५ च्या आसपास आवा. तिकडे दक्षिणेला मोन लोकांचं हंसावती वेगळंच चालू होतं. नंतर तौंगूवाले उठले, त्यांनी १५३९ ला पेगू घेतलं आणि राजधानीच तिकडे नेली. पुढे परत आवा, मग श्वेबो, सगाइंग, आवा, अमरपुरा, आवा, अमरपुरा, मंडाले. दम लागला का? मला टाइप करतानाच लागला.

खडूस_आजोबा
ज्योतिष्यांच्या नादी लागलेले राजे, दुसरं काय. आपल्याकडे नाही का तुघलकाने दिल्ली उचलून देवगिरीला आणली, सगळी रयत चालत आली, आणि काही वर्षांनी परत चला म्हणाला. तोच प्रकार.

नस्तीउठाठेव
आजोबा, तुलना तितकीशी जमत नाही. दिल्ली ते दौलताबाद हजारभर किलोमीटर आहे. ब्रह्मदेशात आवा, सगाइंग, अमरपुरा, मंडाले ही चारही गावं पंचवीसेक किलोमीटरच्या आत येतात! सगाइंग नदीच्या पलीकडच्या काठावर, आवा अलीकडे, अमरपुरा जरा वर, मंडाले आणखी वर. सदाशिव पेठेतला माणूस बिऱ्हाड उचलून कोथरूडला गेला आणि तिथनं बावधनला, इतकंच.

आणि त्याच टापूत घुटमळायचं कारण भात. आवाच्या दक्षिणेला चौक्से म्हणून मैदान आहे, पगानच्या काळापासून तिथे बंधारे आणि पाटाचं पाणी. तो भाग एरवी कोरडा, पाऊस कमी, पण चौक्सेचा भात हातात असला की फौज पोसता येते. त्यात आवा म्हणजे इरावती आणि म्यितंगे नद्यांचा संगम, धान्य होडीत घातलं की थेट राजवाड्याच्या दारात. म्हणून कोणीही जिंकलं तरी फिरून फिरून तिथेच. १३६५ ते १८४२ या काळात आवा पाच वेळा राजधानी झाली आणि सगळे तुकडे जोडले तर साधारण ३६० वर्षं भरतात.

चिमणराव_नव्हे
पण मग त्याच टापूत राहायचंय तर हलवायचंच कशाला? तिथेच राहा की मुकाट.

इरावतीकाठ
कारणं वेगवेगळी आहेत आणि सगळीच अंधश्रद्धेची नाहीत. नवा राजा पुष्कळदा भावाला किंवा पुतण्याला बाजूला सारून आलेला असायचा, जुन्या वाड्यात जुन्याच लोकांची माणसं, कोण कधी काय करेल भरवसा नाही. नवी राजधानी केली की नवे मोहल्ले पडतात, कोणाला वाड्याजवळ जागा आणि कोणाला लांब हे राजा ठरवतो, एका फटक्यात सगळ्यांचे पत्ते पिसून होतात. मुहूर्त आणि शकुन असायचेच, पण बहुतेक वेळा ठरलेल्या गोष्टीला.

मी २०१८ ला आवाला गेलेले. मंडालेहून गाडी, मग छोट्या होडीतनं नदी ओलांडायची आणि पलीकडे घोडागाड्यांची रांग. ३६० वर्षांची राजधानी म्हटल्यावर मी काय काय डोक्यात घेऊन गेलेले आणि बघते तर केळीच्या बागा, शेतं, मधूनच विटांचा एखादा स्तूप, त्यावर झुडपं. राजवाड्यातला म्हणून एक टेहळणीचा मनोरा उरलेला, सत्तावीस मीटरचा, तोही कललेला. मी गाडीवाल्याला विचारलं राजवाडा कुठे, तर त्याने चाबकाच्या दांड्याने समोरच्या शेताकडे बोट केलं आणि घोड्याला पाणी पाजायला गेला.

लाकडाचं काय झालं तर त्याचा एक हिस्सा तुम्ही सगळ्यांनी फोटोत बघितलाय. अमरपुराला तो सागवानी पूल आहे ना, सूर्यास्ताच्या फोटोवाला, ऊ बेन पूल, सव्वा किलोमीटर लांब, हजाराच्या वर खांब, १८५० च्या सुमाराचा. तो आवाच्या जुन्या राजवाड्याच्या लाकडातनं बांधलाय. संध्याकाळी त्यावर भिक्षू सायकल हातात धरून चालत जातात, खालती मच्छीमार कंबरभर पाण्यात, आणि पायाखाली फळ्या कटकट वाजत असतात. कठडा नाहीये बरं का, मी अर्धा पूल जीव मुठीत धरून चालले.

भाट्येकर
बाप रे, म्हणजे राजधानी संपली तरी लाकूड संपत नाही! चाबकाच्या दांड्याने राजवाडा दाखवला हे भारीच.

खडूस_आजोबा
बरं बरं, बिऱ्हाड मान्य. पण पेगूचं काय? ते तर समुद्राकडे आहे ना, तिकडे कशाला गेले मग?

नस्तीउठाठेव
आता बरोबर नस पकडलीत. मला विचाराल तर ब्रह्मदेशच्या राजधानीचा सगळा इतिहास म्हणजे समुद्राकडे तोंड करायचं की पाठ, हाच एक प्रश्न आहे.

तौंगूवाल्यांनी तोंड केलं. तबिन्श्वेटी आणि त्याच्यानंतरचा बयिन्नौंग (१५५१ ते १५८१), यांना व्यापाराचा पैसा हवा होता आणि पोर्तुगीज तोफा-बंदुका हव्या होत्या, दोन्ही गोष्टी बंदरात मिळतात. बयिन्नौंगने त्या जोरावर पार सयाम (आताचं थायलंड) जिंकलं. त्याने पेगूला नवं शहर बांधलं त्याच्या तटाला वीस दरवाजे होते आणि एकेक दरवाजा एकेका मांडलिक राज्याच्या नावाचा. पण तो गेल्यावर अठरा वर्षांत सगळं कोसळलं, १५९९ ला अराकान (पश्चिम किनाऱ्यावरचं शेजारी राज्य) आणि तौंगू दोघांनी मिळून पेगू लुटलं, जाळलं. नदीचं पात्रही गाळाने भरत चाललेलं, जहाजं आत येईनात. शेवटी १६३५ ला थालुन राजाने राजधानी परत आवाला नेली आणि तिथनं पुढे, मधला मोनांचा उठाव सोडला तर, ब्रह्मदेशचे राजे समुद्राकडे पाठ करून बसले ते बसलेच. आणि इंग्रज आले ते समुद्राकडूनच!

पावटेभात
रंगून कुठनं उपटलं मग मध्येच?

नस्तीउठाठेव
रंगून मुळात दगोन नावाचं छोटं गाव, पण श्वेडगोन पॅगोड्यामुळे तीर्थक्षेत्र. अलौंगपया हा श्वेबोच्या बाजूचा गावप्रमुख, मोनांनी १७५२ ला आवा जाळल्यावर हा उभा राहिला आणि बघता बघता सगळा देश घेतला. १७५५ मध्ये दगोन घेतल्यावर त्याने नाव ठेवलं यांगोन, म्हणजे साधारण 'वैर संपलं'. पण स्वतः राजधानी ठेवली आपल्या गावी श्वेबोलाच. रंगून बंदर म्हणून चाललं, राजा काही तिथे राहिला नाही.

भाट्येकर
मंडाले राहिलंय बघा. मी मधल्या दिवसांत थोडं वाचलं ते टाकतो, चुकलं तर सांगा.

पहिलं इंग्रज-बर्मी युद्ध १८२४ ते २६, त्यात अराकान आणि तेनासरीम गेलं. दुसरं १८५२ ला, त्यात रंगून, पेगू सगळा खालचा ब्रह्मदेश गेला म्हणजे समुद्र पूर्ण सुटला आणि भाताची खाचरंही गेली. मिंडॉन गादीवर आला १८५३ ला, भावाला हटवूनच. अर्धं राज्य गेलेलं, लोकांचा धीर सुटलेला, अशात १८५७ च्या सुमाराला बौद्ध धर्माला २४०० वर्षं होत होती, आणि मंडाले टेकडीच्या पायथ्याशी तेव्हा मोठं नगर वसेल असं खुद्द बुद्धाचं भाकीत आहे अशी लोकांत श्रद्धा होती. मिंडॉनने ते धरलं. चौकोनी तट, एकेक बाजू दोन किलोमीटरची, बारा दरवाजे, भोवती चौसष्ट मीटर रुंद खंदक. आणि मधोमध तोच अमरपुराहून हत्तींवरनं आलेला राजवाडा.

त्यातल्या एका दालनाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मिंडॉन १८७८ ला ज्या सोनेरी दालनात वारला ते थिबाने उकलून तटाबाहेर नेलं आणि त्याचा मठ करून टाकला, बापाचा आत्मा तिथे फिरतो अशी त्याला भीती वाटायची म्हणे. पुढे मार्च १९४५ मध्ये जपानी आणि इंग्रजांच्या लढाईत अख्खा राजवाडा जळाला आणि वाचलं कोण, तर भुताच्या भीतीने बाहेर काढलेलं ते दालन! श्वेनंडॉ मठ नाव आहे. आत्ता तटाच्या आत जो राजवाडा दाखवतात तो नव्वदच्या दशकातला, सिमेंट आणि पत्रे.

इरावतीकाठ
+१. श्वेनंडॉचं कोरीवकाम जवळून बघा, आतल्या खांबांवर सोनं अजून आहे, बाहेरचं पावसाने धुऊन गेलंय आणि लाकूड काळंभोर झालंय. हात लावायचा मोह होतो.

लाकूडतोड्या
सागवानाचा विषय निघाला म्हणून इतके दिवस नुसतं वाचणारा मी आज लिहायला बसलो, आमचा धंदाच तो. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन, १८६३ ला मुंबईत निघालेली कंपनी, तिचा ब्रह्मदेशच्या राजाशी सागाच्या ओंडक्यांवरून तंटा झाला. राजाच्या दरबाराचं म्हणणं, तुम्ही ओंडके तोडले जास्त आणि दाखवले कमी, सबब सुमारे २३ लाख रुपये दंड भरा. इंग्रजांना निमित्तच हवं होतं, फ्रेंचांची भीती होतीच वर. नोव्हेंबर १८८५ मध्ये आरमार इरावतीतनं वर निघालं आणि दोनेक आठवड्यांत मंडाले खलास. थिबा आणि राणी सुपयालतला बैलगाडीत बसवून नदीपर्यंत नेलं आणि बोटीत घातलं. १ जानेवारी १८८६ ला सगळा ब्रह्मदेश इंग्रजी हिंदुस्थानात जमा.

आता खरी गंमत. ज्या जंगलावरनं हा तंटा झाला त्याचं नाव निंग्यान. आणि निंग्यान हे प्यिनमना गावाचं जुनं नाव. आणि प्यिनमनाच्याच शेजारी आता नेपिडॉ आहे! म्हणजे ज्या सागापायी मंडालेची राजधानी गेली, त्याच सागाच्या रानात सव्वाशे वर्षांनी नवी राजधानी.

भाट्येकर
अहो काय सांगता! हे कुठेच एकत्र वाचलं नव्हतं. बसल्या जागी काटा आला.

पेठेतला
अदलाबदल कोणीच लिहिली नाही का अजून? टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, १८५६. त्यांना १९०८ ला सहा वर्षं कुठे टाकलं, तर मंडालेच्या त्याच तटाच्या आत, तोपर्यंत त्याचा इंग्रजांनी फोर्ट डफरीन केलेला. आणि मंडालेचा राजा कुठे, तर रत्नागिरीत. एकाच वेळी! गीतारहस्य लिहिलं गेलं ते थिबाच्या गेलेल्या राजधानीत, लाकडी फळ्यांच्या कोठडीत, पेन्सिलीने, आणि थिबाचा पॅलेस बांधून झाला १९१० ला, म्हणजे साधारण त्याच काळात. इंग्रजाने नकाशावर दोन टाचण्या अदलाबदल केल्या नुसत्या. टिळक १९१४ ला परत आले, पत्नी मात्र १९१२ लाच गेलेल्या. थिबा १९१६ ला रत्नागिरीतच वारला, त्याची परतीची बोट आलीच नाही.

चिमणराव_नव्हे
आणि उलट दिशेला बहादुरशहा जफर, दिल्लीचा बादशहा रंगूनला, तिथेच १८६२ ला गेला. राजे साठवायची गोदामं केली होती नुसती.

लाकूडतोड्या
राणी सुपयालत १९१९ ला परत गेली पण मंडालेला नाही जाऊ दिलं, रंगूनलाच ठेवलं. तिथेच १९२५ ला वारली, समाधी श्वेडगोनच्या जवळ. राजा रत्नागिरीत, राणी रंगूनमध्ये. २०१२ ला त्यांचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला येऊन समाधीचं दर्शन घेऊन गेले.

खडूस_आजोबा
रंगूनबद्दल मी सांगतो, घरातलं आहे. आमचे आजोबा रंगूनला लाकडाच्या वखारीत कारकून होते. ते सांगायचे, रस्ते एकदम आखीव, पट्टीने मारल्यासारखे, मध्ये सुले पॅगोडा आणि त्याच्याभोवती चौकटी. १८५२ नंतर इंग्रजांनी नव्याने आखलेलं गाव ते. बाजारात बर्मी कमी ऐकू यायची म्हणत, तमिळ, तेलुगू, बंगाली, हिंदी जास्त. १९३१ च्या खानेसुमारीत रंगूनची निम्म्याहून जास्त वस्ती हिंदुस्थानी होती. स्वतःच्या देशाच्या राजधानीत बर्मी माणूस पाहुणा. १९३७ पर्यंत तर ब्रह्मदेश हिंदुस्थानचाच प्रांत होता, म्हणजे खरी राजधानी म्हटली तर आधी कलकत्ता आणि मग दिल्ली!

डिसेंबर १९४१ ला जपान्यांनी बॉम्ब टाकले. आजोबा मंडालेपर्यंत मिळेल त्या गाडीने आणि पुढे तामूवरून मणिपूरपर्यंत चालत आले. लाखो माणसं चालत होती, वाटेत किती पडली हिशोब नाही. येताना बर्मी लाखेचा एक गोल डबा तेवढा आणलेला, काळा-लाल. आजी त्यात रेशनच्या पावत्या ठेवायची. तो डबा आजही आमच्या कपाटात आहे, झाकण उघडलं की अजून कसला तरी तेलकट वास येतो.

इरावतीकाठ
आजोबा, हे लिहिल्याबद्दल खूप आभार. डब्याचा फोटो टाका ना जमलं तर.

युद्धातली अजून एक राजधानी राहिली: जपान्यांनी रंगून घेतल्यावर इंग्रजांचं ब्रह्मदेश सरकार पळून कुठे बसलं तर सिमल्याला. फायली, गव्हर्नर, सगळं. ब्रह्मदेशचा कारभार हिमालयातनं.

पावटेभात
हसून हसून पुरेवाट. म्हणजे यादीत सिमलापण घ्यायचं!

सर्व्हरवाला
नेपिडॉवर मी लिहू शकतो कारण कामानिमित्त २०१४ मध्ये दोन आठवडे राहिलोय. रंगूनहून हायवेने पाचेक तास. गाव म्हणून काही सुरू होतच नाही. हॉटेलांचा वेगळा झोन, मंत्रालयांचा वेगळा झोन, बाजाराचा वेगळा, आणि प्रत्येक दोन झोनच्या मध्ये मोकळं रान. चहा प्यायला चालत जावं म्हणाल तर अशक्य, माझ्या हॉटेलातनं सगळ्यात जवळची टपरी साडेतीन किलोमीटरवर. संसदेसमोरचा रस्ता वीस पदरी आहे, एका बाजूला दहा मी स्वतः मोजलेत. भर दुपारी त्यावर एक मोटरसायकल, आणि डोक्याला बांबूची टोपी घातलेल्या दोन बायका खराट्याने झाडतायत, एक या टोकाला एक त्या टोकाला. झाडायलासुद्धा काही नव्हतं तिथे, पानंच नाहीत. सरकारी वसाहतींच्या छपरांचे रंग खात्याप्रमाणे, म्हणजे आरोग्यवाल्यांचं निळं, शेतीवाल्यांचं हिरवं. शेजारी कोण राहतो हे छपरावरनंच कळतं.

श्वेडगोनची नक्कल पण आहे, उप्पातसन्ती पॅगोडा, मुद्दाम फूटभर बुटका ठेवलाय मूळच्याचा मान म्हणून. हा आतून पोकळ, आत शिरता येतं, एकदम गार. बाहेर पांढरे हत्ती बांधलेले. पांढरे म्हणजे गुलाबीसर मातकट, उगाच अपेक्षा ठेवू नका.

चिमणराव_नव्हे
पण चांगलं चालतं रंगून सोडून गेलेच कशाला? आणि एका रात्रीत म्हणे?

नस्तीउठाठेव
बांधकाम आधीपासून गुपचूप चालू होतं, पण नोकरांना खरंच ऐनवेळी कळलं. ६ नोव्हेंबर २००५, सकाळी ६ वाजून ३७ मिनिटांनी पहिला ताफा रंगूनहून निघाला. वेळ बघा नुसती, ६:३७, ज्योतिष्याशिवाय कोण काढेल असली वेळ. ११ नोव्हेंबरला ११ वाजता दुसरा, ११ मंत्रालयं, ११ बटालियन, ११०० ट्रक. (याच देशाने स्वातंत्र्य घेतलं ते ४ जानेवारी १९४८ ला पहाटे ४:२० ला, तेही मुहूर्त काढून.) मार्च २००६ च्या सैन्यदिनाला नाव जाहीर झालं आणि परेड झाली ती तीन राजांच्या अजस्र पुतळ्यांसमोर: अनवरठा, बयिन्नौंग, अलौंगपया. तीन राजे, तिघेही नवं राज्य उभारणारे, आणि हुकूमशहा थान श्वे यांना चौथं कोण व्हायचं होतं ते सांगायला नको.

सरकारी कारण होतं देशाच्या मध्यावर हवं. लोक म्हणतात अमेरिका समुद्रातनं येईल ही भीती. मला तरी तिसरंच जास्त पटतं, की १९८८ ला रंगूनच्या रस्त्यावर लाखो लोक उतरलेले ते लष्कर विसरलं नव्हतं. २००७ ला भिक्षूंचे मोर्चे निघाले तेव्हा रंगून पेटलेलं आणि सरकार तीनशे किलोमीटरवर निवांत. वीस पदरी रस्त्यावर मोर्चा काढणार कोण? दोन टपऱ्यांमध्येच साडेतीन किलोमीटर!

आणि नावात नवीन काही नाही हं. 'नेपिडॉ' ही जुनी पदवी आहे, राजाची नगरी अशा अर्थाची. राजधानीच्या नावापुढे लावायचे, मंडालेला रतनाबोन नेपिडॉ म्हणायचे. आत्ताच्या राजधानीला पदवी आहे, नावच नाही.

खडूस_आजोबा
म्हणजे आमच्या सोसायटीसारखं. नुसतंच 'अपार्टमेंट', पुढचं अक्षर पडलंय ते कोणी लावतच नाही.

इरावतीकाठ
हसावं की रडावं कळत नाही, कारण २८ मार्च २०२५ च्या भूकंपाचं लिहायचंय. ७.७ चा होता. सगाइंग फॉल्ट म्हणून भेग आहे, उत्तर-दक्षिण, जवळपास सरळ रेषेत. त्या रेषेवर बघा काय काय येतं: मंडाले, अमरपुरा, आवा, सगाइंग, खाली नेपिडॉ, अजून खाली पेगू. १८३९ ला आवा याच भेगेने पाडलं आणि म्हणूनच राजाने ते कायमचं सोडून अमरपुरा गाठलं. १९३० ला पेगू हादरलं. आणि २०२५ ला एकाच दणक्यात मंडालेच्या तटाला तडे, आवाच्या जुन्या विटांच्या मठाची पडझड, नदीवरचा १९३४ चा आवा पूल पाण्यात, आणि तिकडे वीस वर्षांच्या नव्याकोऱ्या नेपिडॉला विमानतळाचा कंट्रोल टॉवर आडवा. साडेतीन हजारांहून जास्त माणसं गेली. माझ्या त्या घोडागाडीवाल्याचा नंबर घेतला नव्हता मी. राहून राहून त्याची आठवण येते.

सर्व्हरवाला
बातम्या आल्या तेव्हा मी पण जुन्या ओळखीच्या लोकांना मेसेज केले. एकाचं चार दिवसांनी उत्तर आलं. बाहेर मैदानात झोपतोय म्हणाला, मोकळी जागा इथे भरपूर आहे.

पेठेतला
आपल्याकडचा पण काढा ना कोणीतरी धागा. राजगड, रायगड, जिंजी, सातारा. जिंजी तर पार तमिळ मुलखात.

भाट्येकर
काढू की, पण वेगळा, नाहीतर याचा काश्मीर होईल, मूळ विषय राहील बाजूला.

सगळ्यांचे मनापासून आभार. भाच्याला फोनवर सगळं सांगितलं. एकतर "तू चुकीचं सांगितलंस" हे त्याने तीनदा माझ्याकडून वदवून घेतलं. मग शाळेच्या प्रोजेक्टसाठी चार्ट केलाय त्याने, डावीकडे नकाशा, उजवीकडे राजधान्यांची खालोखाल यादी, आवा पाच वेळा लिहिताना हात दुखला म्हणे. आईने व्हॉट्सॅपवर फोटो पाठवलाय. शेवटी नेपिडॉ २००५ असं लिहिलंय आणि खाली चार ओळी कोऱ्या. मला वाटलं अर्धवट राहिलंय म्हणून विचारलं, तर म्हणतो, नाही मामा, ती जागा मुद्दाम सोडलीये.